दिवाणजीकाका, तुमच्या वहीबद्दल

तीर्थस्वरूप दिवाणजीकाकांना,
साष्टांग नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही त्या दिवशी नुसते भेटायला आला होतात. निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षं झाली होती. दारात टेम्पो भरत होता. पॅकिंगच्या पोराच्या हातातलं, मालासोबत जाणारं चलन बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "ठोक व्यापारी ४० नग कधीपासून मागायला लागला?" आणि टेम्पो थांबला. मागणी ४० डझनांची होती, म्हणजे ४८० टॉवेलांची.

सॉफ्टवेअर माझं होतं. मालकांनी फोनवर मराठीत सांगायचं आणि एआय एजंटने, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआयने, ऑर्डर नोंदवून चलन काढायचं, अशी सोय मी नुकतीच करून दिली होती. त्या दिवशी सगळ्यांनी एजंटला बोल लावला. मीही लावला. तुम्ही मात्र म्हणालात, "नग की डझन हे त्याला कुणी सांगितलं होतं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारखी कामं करणारेही हे पत्र वाचतील, म्हणून जरा खोलात जातो. एजंटला आपला प्रोग्राम आतून दिसत नाही. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला बाहेरच्या प्रोग्रामशी जोडायची ठरलेली पद्धत, खुला केला, मी तोच वापरतो. त्यात प्रत्येक टूलचं, म्हणजे एजंट प्रोग्रामकडून करून घेऊ शकतो अशा एकेका कामाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा तक्ता, एवढंच मॉडेलपुढे, म्हणजे एजंटमागच्या एआयपुढे जातं. माझ्या टूलचं वर्णन दोन शब्दांचं होतं, 'ऑर्डर नोंदवतो'. आकड्याच्या रकान्यापुढे फक्त 'संख्या' असं लिहिलं होतं. ४० ही संख्याच आहे. ती रकान्यात बरोबर बसली, म्हणून एररसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावलंत, समोर कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवलीत आणि ती वही काढलीत. निवृत्त होताना तुमच्या जागी येणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. प्रत्येक कामाला तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या होत्या: काय करायचं, कधी करायचं नाही, आणि चुकलं तर काय. चलन रद्द करण्याचं पान मला आता पाठ आहे. "टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंतच रद्द करावं. गेल्यावर रद्द नाही, माल परत आल्याची नोंद." माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन वेगळी टूल्स होती, पण कोणतं कधी वापरायचं याचं एक वाक्यही नव्हतं. नवीन माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंटला बऱ्याचदा आपण अडलोय हेच कळत नाही, तो रिकामी जागा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. म्हणून तुमच्या वहीतलं 'कधी करायचं नाही' त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचं ठरलं.

महिनाभर मी तुमची वही शेजारी ठेवून सगळी वर्णनं नव्याने लिहिली. आता एकक हा वेगळा, सक्तीचा रकाना आहे आणि त्यात 'नग' किंवा 'डझन' हे दोनच शब्द चालतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्यायची, कारण ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण वाचणारा ४ मार्चही वाचू शकतो. 'यंदाची विक्री' म्हणजे १ एप्रिलपासूनची. दीड डझन म्हणजे १८ नग, पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे म्हणजे १२५. ही शेवटची ओळ तुम्ही लिहायला लावलीत. मला ती नको वाटत होती, पण तुमचं बरोबर होतं.

एररचंही तसंच. आधी टूल नुसतं 'अवैध माहिती' म्हणायचं आणि एजंट तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा. आता ते सांगतं, "एकक दिलेलं नाही. नग किंवा डझन द्या. बोलणाऱ्याने सांगितलं नसेल तर त्याला विचारा." हे तुमच्या 'चुकलं तर'मधूनच आलं. हे टूल फक्त वाचतं, हे टूल काही पुसून टाकतं, अशा खुणाही या प्रोटोकॉलमध्ये करता येतात. पण त्या खुणाच, कुलूप नव्हे. म्हणून टेम्पो गेल्यावर चलन रद्द होऊच नये, ही अट मी प्रोग्रामच्या आतही घातली.

मग तुम्ही तपासायला बसलात. मालक बोलतात तशी वाक्यं तुम्ही एकामागून एक सांगितलीत, आकडेमोड तोंडातल्या तोंडात तेलुगूत आणि वाक्यं मराठीत. प्रत्येक वाक्याला एजंट कोणतं टूल उचलतो ते मी लिहून घेत होतो. "कालचं ते परत पाठव" या वाक्याला आपण दोघंही थांबलो. परत पाठव म्हणजे तोच माल पुन्हा एकदा पाठव, की आलेला माल उलट पाठव? आपल्या भाषेत दोन्ही. कारखान्यात कोण कुणाशी बोलतंय यावरून ते कळतं, एजंटपुढे मात्र नुसतं वाक्य असतं. आता दोन्ही टूल्सच्या वर्णनात तेच वाक्य उदाहरण म्हणून दिलंय, आणि पुढे सूचना: अर्थ स्पष्ट नसेल तर काहीही न करता विचार. हे मला एकट्याला सुचलं नसतं. मी कोड लिहिणारा, तुम्ही आयुष्यभर बोलणं ऐकून माल पाठवलेला माणूस.

वर्णनं किती लांब असावीत हेही तुमच्या वहीने शिकवलं. ती प्रत्येक वेळी मॉडेलपुढे जातात, पाल्हाळ लावला की कामाची ओळ त्यात बुडते. तुमच्या वहीत एकाही कामाची माहिती दीड पानावर गेलेली नाही.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी विषय काढला तेव्हा "पोरा, वही कुणीतरी वाचली, बास" म्हणालात. हे पत्र त्यासाठी. तुमचे मनापासून आभार.

रविवारी वही परत द्यायला येतो. येताना एक नवीन अडचणही आणतो. मालक हल्ली एजंटला म्हणतात, "रंग मागच्यासारखाच." मागचा म्हणजे त्याच पार्टीचा मागचा, की त्याच मालाच्या मागच्या डाइंगचा? तुमच्या वहीत रंगाचं पान नाही. शेवटची चार पानं कोरी आहेत, पेन मी आणतो.

तुमचा,
सॉफ्टवेअरवाला पोरगा
सोलापूर