रेवाला पत्र: तो दुसरा राउंड

प्रिय रेवा,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होतीस, "आई, मी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त मारले." खरं आहे. तुझ्या एमएमए लढतीचं, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतीचं, रेकॉर्डिंग मी मुद्दाम आवाज बंद करून पाहिलं. तुझ्या प्रत्येक जॅबला (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाला) तुझ्या कॉर्नरमधून ओरडा होतो, आणि तो ऐकला की ग्लोव्हवर अडलेला ठोसासुद्धा लागल्यासारखा वाटतो. आवाज नसतानाही तुझेच ठोसे जास्त भरतात. तरी २९-२८ चं स्प्लिट डिसिजन, म्हणजे तीन जजपैकी दोघांचा कौल, तिच्या बाजूने गेलं, आणि मला त्यात अन्याय दिसत नाही. राग येईल तुला, पण पुढे वाच.

लढत एकूण कोणी जिंकली, हे जजना कोणी विचारतच नाही. त्यांना एकेक राउंड सुटा द्यायचा असतो. जिंकणारीला १०, दुसरीला बहुतेक वेळा ९. पहिल्या राउंडमध्ये तू तिला काही सुचू दिलं नाहीस. पण ती डगमगली नाही, पडली नाही, त्यामुळे तो १०-८ होण्यासारखा नव्हता. तिसऱ्यात तिने तुला खाली घेतलं आणि बराच वेळ उठू दिलं नाही. ते दोन राउंड एकेकीचे. उरला दुसरा. तो तिने केसभराने घेतला असेल, पण केसभराने घेतलेला राउंडही १०-९ च असतो. पहिल्या राउंडमधले तुझे जास्तीचे ठोसे पुढच्या राउंडला जमा होत नाहीत.

रॉबी लॉलर आणि कार्लोस कॉन्डिटची २ जानेवारी २०१६ ची लास व्हेगासमधली विजेतेपदाची लढत तू पाहिली आहेस. आता कागद-पेन घेऊन पाहा. पाच राउंडमध्ये कॉन्डिटचे १७६ ठळक फटके लागले, लॉलरचे ९२. जवळजवळ दुप्पट! आणि पट्टा राहिला लॉलरकडे. दोन जजनी ४८-४७ लॉलरला दिले, एकाने कॉन्डिटला. पहिल्या राउंडमध्ये कॉन्डिटने त्याला पाडलं, दुसऱ्यात लॉलरने कॉन्डिटला. चौथा कॉन्डिटचा. पाचव्यात लॉलर असा तुटून पडला की घंटेनंतर दोघेही जाळीला टेकले, उभं राहायचं त्राण कुणातच नव्हतं. सगळा वाद तिसऱ्याचा. कॉन्डिट लांबून लाथा-ठोसे पेरत राहिला, लॉलरने मोजके पण वजनदार मारले. मला विचारशील तर तो राउंड कॉन्डिटचा. पण ज्यांनी तो लॉलरला दिला त्यांनी काय पाहिलं, तेही मला दिसतं.

त्याच वर्षी, जजनी राउंड कोणाला द्यायचा त्या निकषांची भाषा नव्याने लिहिली गेली आणि २०१७ पासून ती लागू झाली. लढत संपवू शकेल असा परिणाम कोणाच्या फटक्यांचा, हे आधी पाहायचं. त्यातही लगेच दिसणारा परिणाम हळूहळू साठणाऱ्या परिणामापेक्षा भारी. ग्रॅपलिंगही, म्हणजे पकडी आणि खाली घेणं, याच पायरीवर मोजायचं. "पुढे मीच चालत होते" असं तू म्हणालीस ना, तो मुद्दा यानंतर येतो, आणि तोही पहिल्या पायरीवर दोघी अगदी बरोबरीत असतील तरच. पिंजऱ्याचा मध्य कोणी धरला, हे तर सगळ्यात शेवटी.

आता तुझा दुसरा राउंड. ती डावखुऱ्या स्टान्समध्ये, म्हणजे उजवा हात-पाय पुढे, तू उजव्या, म्हणजे डावा पुढे. त्यामुळे तुझा पुढचा हात आणि तिचा पुढचा हात समोरासमोर, आणि ती सतत तुझा डावा ग्लोव्ह दाबून धरत होती. तुझे निम्मे जॅब तिथेच मेले. ते मोजू नकोस, जजही मोजत नाहीत. मग तिची डावी लाथ तुझ्या उजव्या बरगडीखाली, लिव्हरवर बसली. पहिलीला तू नुसती मागे सरकलीस. दुसरीला तुझं तोंड किंचित उघडलं आणि कोपर खाली आलं. ते कोपर राउंड संपेपर्यंत वर गेलं नाही. त्यानंतर तू उजवा हात जवळजवळ फेकलाच नाहीस, नुसते जॅब टाकत राहिलीस. संख्या वाढली ती तिथे. मी जजच्या खुर्चीत असते तर मला एवढंच दिसलं असतं, की एकीच्या दोन लाथांनी दुसरीची लढायची पद्धत बदलली, आणि दुसरीच्या तीस जॅबनी पहिलीचं काहीच बदललं नाही.

एका जजने तो राउंड तुला दिला, म्हणून त्यालाच तेवढं कळतं असं धरून बसू नकोस. तिघे पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. तुझी पाठ ज्याच्याकडे होती त्याला ती लाथ कुठे बसली हे दिसलंही नसेल. जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेसच्या लढतीत, फेब्रुवारी २०२० मध्ये, जजची दोन गुणकार्डं ४८-४७ होती आणि तिसरं थेट ४९-४६. तिन्ही जोन्सकडे. रेयेसचे फटके तिथेही जास्तच होते.

मला खरी खंत निकालाची नाही. तुझं उत्तम हत्यार पेटीतच राहिलं, याची आहे. डावखुरीसमोर तुझा उजवा सरळ ठोसा आणि उजवी लाथ, या दोन्हींना मोकळी वाट असते, कारण तिचं पोट त्याच बाजूला उघडं असतं. पण त्यासाठी तुझं डावं पाऊल तिच्या उजव्या पावलाच्या बाहेर हवं. पहिल्या राउंडमध्ये ते होतं! दुसऱ्यात ते आत आलं आणि तू आपणहून तिच्या डाव्या हाताच्या रेषेत उभी राहिलीस. जॅब कमी कर, तिचा हात खाली दाब, पाऊल बाहेर टाक आणि उजवा आधी सोड. ती लाथ उचलत असतानाच तो सोडलास तर आणखी चांगलं, एका पायावर उभी असलेली माणसं लवकर पडतात. कोचशी हे बोल, त्यांना वेगळं वाटत असेल तर त्यांचं ऐक.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात तू जी झुंबड उडवलीस ती मला फार आवडली, पण राउंड पूर्ण पाहून द्यायचा असतो. तशी झुंबड राउंडच्या मध्यापासूनच चालली असती तर कार्ड कदाचित फिरलं असतं.

बरगडी अजून दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्पारिंगला उतरू नकोस. आणि दुसरा राउंड एकदा आवाज बंद करून, फक्त तुझ्या उजव्या कोपराकडे बघत पाहा. तुझं कार्ड मला कळव. माझ्यापेक्षा वेगळं आलं तर का, तेही लिही, मला वाद घालायला आवडेल.

तुझी,
आई