गळकी होडी लगेच भंगारात घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या ग्रुपची जुनी अॅल्युमिनियमची वल्ह्यांची होडी गळायला लागली तर जो तो म्हणे किलोवर विकून टाका, पण अहो पत्रा चांगला असेल तर बहुतेक वेळा गळती फक्त ढिल्या रिव्हेटांतून, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांतून असते आणि ती घरच्या घरी निघते. होडी दोन ओंडक्यांवर नीट टेकवायची आणि आतच थोडं पाणी भरायचं, एक लिटर म्हणजे एक किलो वजन त्यामुळे काठोकाठ नको, मग खाली वाकून बघायचं, जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल. पाणी काढून, वाळवून, एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने बेताने ठोकायचं, रिव्हेट परत आवळतो. अगदीच झिजलेला असेल तर ड्रिलने काढून नवा घालावा, पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर हे सामान मिळतं.

कळकळीने सांगतो, लोखंडी नटबोल्ट मारू नका, ओलाव्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम गंजून झिजायला लागतं. नुसती इपॉक्सी पुट्टीही थापू नका, ती कडक होते आणि पत्रा हलला की तडकते. सांध्यांना लवचिक मरीन सीलंटच (होड्यांसाठीचं, फट बुजवणारं) लावा, तेही पत्रा घासून, पुसून. वेल्डिंग करायचंच तर टिगवाला, म्हणजे अॅल्युमिनियमला चालणारं टिग पद्धतीचं वेल्डिंग करणारा गाठा.

आणि परत पाणी भरून बघितल्याशिवाय, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी धरणात घालू नका.

एक वाचक, सिंहगड रोड, पुणे