जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला विषारी फवारा कशाला?

महोदय,
ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांत कुंपणाच्या जास्वंदीचे शेंडे कापूस चिकटल्यासारखे पांढरे दिसू लागले, की लगेच कीटकनाशकाचा पंप बाहेर निघतो. तो पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण हा झाडाचा रस शोषणारा बारीक कीटक; त्याच्या अंगावर मेणचट थर असल्याने औषध ओघळून जाते. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक, आणि कीड पुन्हा जोमाने वाढते.

आधी मुंग्या रोखा. ढेकणाच्या गोड, चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून वर ग्रीस लावा. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या नाहीत, तर मुंग्या तिकडून चढतात आणि पट्टी फुकट जाते. आकसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, कंपोस्टमध्ये नकोत. मग लिटरभर कोमट पाण्यात थोडा द्रवसाबण आणि ५ मिलि कडुनिंबाचे तेल घोटून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात फवारल्यास पाने करपतात.

दोनेक आठवड्यांनी दर झाडाला १० क्रिप्टोलिमस भुंगेरे (पिठ्या ढेकूण खाणारे मित्रकीटक) सोडावेत. थोडी कीड शिल्लक हवीच, नाहीतर ते उपाशी उडून जातात. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा. गंमत म्हणजे त्याची अळीही पांढरी, झुपकेदार असते आणि माळी नेमकी तीच पुसून काढतात! काडीने डिवचून पाहा: ढेकूण जेमतेम हलतो, अळी तुरुतुरु पळते.

डासांसाठी धूरफवारणी ठरली असेल, तर भुंगेरे त्या आठवड्यात सोडू नयेत.

– एक बागकाम सल्लागार, नेरूळ