खासगीपणा फक्त ठेकेदारालाच का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

खासगीपणाच्या हक्कावरचा कालचा अग्रलेख वाचला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा 24 ऑगस्ट 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, नऊ न्यायमूर्ती, घटनेचं कलम 21, सगळं व्यवस्थित लिहिलंय. पण शेवटी अधिकाऱ्यांना आणि संस्थांनाही थोडा आडोसा पाहिजे म्हणालात ना, तिथं डोकं फिरलं. त्यांना आहेच की आडोसा, उघड्यावर आम्हीच आहोत.

आमच्या गावात केळीच्या पीक विम्याची यादी आली. कोणीतरी अख्खी पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, नाव, गट नंबर, मोबाईल, बँक खातं, रक्कम, काहीच झाकलेलं नाही. ऑफिसातूनच सुटली असणार, शेतकऱ्याकडे अशी यादी येणार कुठून. संध्याकाळी पारावर जो तो विचारतोय, "आप्पा, ईमाना पैसा उनात ना?" उसने मागणारे आले, खतवाल्याने उधारीची वही काढली, मग केवायसी करा ओटीपी सांगा वाले फोन सुरू झाले ते अजून चालूच आहेत. बायकोने पोरीच्या लग्नासाठी गुपचूप बाजूला ठेवू म्हटलं होतं, झालं गुपचूप! तक्रार घेऊन गेलो तर साहेब हसून म्हणे, पारदर्शकता आहे आप्पा.

बरं, मग शेताकडच्या रस्त्याचं एम.बी. (कामाच्या मोजमापाची वही) आणि बिलाची प्रत माहिती अधिकारात मागितली, पहिल्याच पावसात मुरूम वाहून गेला तो रस्ता. उत्तर काय, कलम 8(1)(जे), ठेकेदाराची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. मुरूम वैयक्तिक असतो का हो? 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात याच कलमाखाली लिहिलेलं होतं की जी माहिती संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारायची नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ती ओळच उडवली. जनहित मोठं असेल तर माहिती द्या असं सांगणारं 8(2) अजून जिवंत आहे, पण ते दाखवलं की अपिलात जा म्हणतात. याच्यावर अग्रलेखात एक अक्षर नाही, कमाल आहे.

आणि एक राहिलं. मागे तुमच्याच पेपरात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरचा फोटो पहिल्या पानावर होता, रडणारी बायको, दोन्ही पोरं, चेहरे स्पष्ट. फोटोग्राफरने त्या बाईला विचारलं होतं का, तेवढं कळवा.

एक केळी उत्पादक, ता. चोपडा, जि. जळगाव