हृदयाला चष्मा लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख आमच्या घरी तीनदा वाचला गेला. आधी मी वाचला, मग सौ.ने मनातल्या मनात, आणि मग तिनेच मोठ्याने, मला ऐकवण्यासाठी. मथळ्यात 'कार्डिओमायोपथीचा झटका', चित्राखाली 'कार्डिओमायोपिया' आणि मजकुरात 'हृदयपेशींचा आजार'. एका पानात तीन आजार! मायोपिया डोळ्यांना होतो. तो हृदयालाही होऊ लागला असेल, तर लक्ष्मी रोडवरच्या चष्मेवाल्यांना आधी कळवायला हवं होतं.

झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली की. कार्डिओमायोपथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचंच दुखणं. नळ्या धडधाकट असून स्नायू सैल पडतो, नाहीतर नको तितका जाड होतो, नाहीतर कडक होतो. आपल्या लेखकाने सैल आणि जाड हे एकाच वाक्यात एकाच रुग्णाला बहाल केले आहेत.

मी काही डॉक्टर नाही. पण हा शब्द आमच्या घरात सहा वर्षं राहतो आहे. सौ. तेव्हा रोज पर्वती चढायची, १०३ पायऱ्या, न थांबता. मग मध्ये एकदा टेकू लागली, मग दोनदा. संध्याकाळी चपला काढल्या तरी पट्ट्याची खाच पायावर तशीच राही. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले, "नळ्या एकदम स्वच्छ आहेत." पुढे ते बरंच बोलले. इको (हृदयाची सोनोग्राफी), पंपिंग (दर ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते) २८ टक्के, मीठ कमी, गोळ्या सोडायच्या नाहीत. कानात शिरलं ते 'स्वच्छ' एवढंच. मी येताना अर्धा किलो पेढे घेऊन आलो आणि सगळ्या इमारतीत वाटले. इकोचा कागद, ज्यावर 'डायलेटेड कार्डिओमायोपथी', म्हणजे स्नायू सैल पडून मोठं झालेलं हृदय, असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तो फाइलसकट कपाटात गेला. आमच्या मेहुण्यांनी तर निकालच दिला, "हृदय मोठं झालंय? ताईचं मन पहिल्यापासून मोठंच आहे!" सगळे हसलो.

पंपिंग साधारण ५५ च्या वर लागतं, हे मला नंतर कळलं. नळ्या स्वच्छ असताना अंगात साठलेलं पाणी काढणारी गोळी रोज कशाला, म्हणून तिने ती बंद केली, मीही हो म्हणालो. कैरीचं लोणचं पुन्हा ताटात आलं. दोन महिन्यांनी एका रात्री ती आडवीच होऊ शकेना. तीन उशा लावून, खिडकीकडे तोंड करून पहाटेपर्यंत बसून राहिली. आज बरी आहे, पंपिंग ४० वर आलं आहे. पण काल सकाळी साडेसातला खालच्या काकू आपली पुरवणी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला येऊन गेला ना हा झटका? मग स्टेंट का नाही टाकला?" पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसलो. चहा दोनदा गार झाला.

आता 'हृदयपेशी'. लेख हिंदीतून उचललेला दिसतो. हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. मराठीत पेशी म्हटलं की दहावीच्या विज्ञानातली, केंद्रक असलेली पेशी. आयुर्वेदात पुन्हा स्नायू वेगळा आणि पेशी वेगळी. पुण्यात छापताना निदान 'हृदयाच्या स्नायूचा आजार' एवढं साधं लिहायला काय हरकत होती?

डॉक्टर मंडळीही अगदी निर्दोष नाहीत. ब्रिग्डेन या लंडनच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये हा शब्द पुढे आणला, तो नळ्यांशी संबंध नसलेल्या आजारांसाठीच. तरी अटॅकनंतर दुबळ्या झालेल्या हृदयालाही 'इस्केमिक (म्हणजे रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेली) कार्डिओमायोपथी' म्हणायची पद्धत आहेच. पण ते किमान आपसात बोलतात.

छापायचंच होतं, तर हे छापता आलं असतं : काही जणांत या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात लहानसा तुकडा गळालेला असतो, आणि या आजाराशी जोडलेला, आईवडिलांकडून मुलांत येणारा तो दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता, ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सौ.च्या निदानानंतर डॉक्टरांनी आमच्या दोन्ही मुलांचा इको करायला सांगितला, तो का, हे वाचकांना कळलं असतं. त्या जागी आपण लसणाचे फायदे छापलेत, चौकटीत.

दुरुस्ती पुरवणीतच, त्याच पानावर यावी. मागच्या वेळची दुरुस्ती निविदा सूचनांच्या खाली छापली होती, ती शोधायला मला भिंग लागलं.

भिंगावरून आठवलं. शब्दकोड्याचे चौकोन गेल्या महिन्यापासून इतके बारीक का केलेत? जोडाक्षर मावत नाही. रविवारी आडवा ७ 'हृदयाचा आजार', अक्षरं पाच. सौ.ने 'हृदयविकार' लिहिलं, सहा झाली. उत्तर निघालं 'हृदयाघात'. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "यांना कळवा."

म्हणून कळवतो आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
नारायण पेठ, पुणे ३०