रविवारी माळे रिकामे करायचेत, आठवण!

मंडळी, परत एकदा सांगतेय, येत्या रविवारी सकाळी १० ते १ नको असलेलं सामान पार्किंगमध्ये आणायचंय, घटस्थापनेच्या आधी माळे मोकळे होऊ देत एकदाचे. कपडे धुतलेले आणि घालण्यासारखेच आणा (गेल्या वेळी एका पिशवीत चक्क एकच मोजा निघाला). जुने मोबाइल, चार्जर वेगळ्या खोक्यात, सिम आधी काढून घ्या. ट्यूबलाइट जपून आणा, आत पारा असतो. मी काल श्रीखंडाचे २३ रिकामे डबे काढले, झाकणं सापडली ९, तरी सासूबाई म्हणतात राहू दे, लागतात! आणि प्लीज, दुसऱ्याचं उचलून आपल्या माळ्यावर नेऊ नका, मागचे दोन मिक्सर असेच बिल्डिंगमध्येच फिरतायत अजून.