म्हाताऱ्यांनाही जग बघू द्या!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नातवाने 'बेटर लेट दॅन नेव्हर' हा अमेरिकन कार्यक्रम मोबाईलवर लावून दिला. २०१६ च्या पहिल्या पर्वात नट विल्यम शॅटनर आणि हेन्री विंकलर, अमेरिकन फुटबॉलचा जुना खेळाडू टेरी ब्रॅडशॉ आणि मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन असे चार म्हातारे जपान, कोरिया, हाँगकाँग, थायलंड फिरतात. सोबतीला एक तरुण विनोदवीर. मूळ कल्पना दक्षिण कोरियाची, २०१३ ची. ही मंडळी रस्ता चुकतात, भांडतात, नको ते खातात. आपण पोट धरून हसतो, पण कीव कुणाचीच येत नाही. ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झालेल्या फोरमनची कीव करणार तरी कोण?

मी एसटीचा निवृत्त वाहक, वय ७१. गेल्या वर्षी थायलंडच्या सहलीची चौकशी करायला गेलो. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे न बघता माझ्या मुलाला विचारलं, "काकांना चालायला जमतं ना?" मी शेजारीच उभा होतो. रोज पहाटे रंकाळ्याला अख्खी फेरी मारतो! फार लागलं ते.

मराठी वाहिन्यांनी असा कार्यक्रम काढावाच. आमचे जुने नट, खासबाग मैदान गाजवलेले मल्ल घ्या आणि टोकियोच्या लोकलमध्ये बसवा. मालिकांत म्हातारा दिसतो तो खाटेवर नाहीतर हार घातलेल्या फोटोत. उतारवयात काशी-रामेश्वर करावं, हे ठीकच. पण समुद्रापलीकडचं बघायची हौसही असते हो!

सौ.ने दोन्ही पासपोर्ट तिजोरीत पैठणीच्या घडीत जपून ठेवलेत. आतली पानं अजून कोरी आहेत.

— एक ज्येष्ठ वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर